ऐतिहासिक मोरी, चोवीस तास खुली

सविस्तर सर हे नाव मुलांनी ठेवलं की शिक्षकांनी, यावर शाळेत दोन मतं होती. पण ते चपखल बसलंय यावर एकमत होतं. सरांना कोणी किती वाजले विचारलं, तर ते आधी घड्याळाचा शोध कसा लागला ते सांगत, आणि तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असे. इतिहास हा विषय थोडक्यात सांगण्यासाठी जन्मलेलाच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सरांची सगळीच मतं ठाम असत. चुकीची असली तरी ठाम असतात, असं त्यांची बायको म्हणायची. ती दवाखान्यात सिस्टर होती आणि तिला मोजकं बोलायची सवय होती.

तर झालं असं, की सत्र सुरू होता होता मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावून वेळापत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात आठवड्याला एक तास 'परिसराचा इतिहास' असा होता. हा तास सरांनी सव्वीस वर्षांपूर्वी भांडून मिळवला होता आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता. बाकीचे तास ते शिकवत. हा तास ते जगत. आता त्या तासाला मुलं झोपतात अशी तक्रार आली होती. तक्रार शेजारच्या वर्गातल्या संगणकाच्या मॅडमची होती, कारण घोरणं भिंतीपलीकडे जात होतं. बाई म्हणाल्या, काळ बदललाय सर, मुलं फोनवर बघतात तेवढंच बघतात, तुम्हीही फोनवरून काहीतरी करा. सत्राच्या शेवटी शिक्षण खात्याच्या कार्यालयातून अधिकारी मॅडम येतील. तोवर तुमचा पाठ पाचशे लोकांपर्यंत पोचला तर तास राहील, नाहीतर तो संगणकाला द्यावा लागेल.

दुसरा कोणी असता तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. सर म्हणाले, पाचशेच का, पाच हजार लिहून ठेवा. फोनमधून इतिहास शिकवणं म्हणजे काय, बोलायचं आणि पाठवायचं. बोलण्यात आपला हात कोण धरणार, असा त्यांचा हिशेब होता आणि तेवढा तो बरोबरही होता.

विषय त्यांनी घराजवळचाच निवडला, मोरी. सरांच्या घरापासून पन्नास पावलांवर रस्ता किंचित उंच होतो. तिथे खालून ओढा जातो, आणि त्या पाण्याला वाट मिळावी म्हणून कोणे एके काळी बांधलेली दगडी कमान आहे. तीच मोरी. दीडशे वर्षांत तिचा एक चिरा हललेला नाही. वरून रोज हजारो माणसं जातात आणि आपण कशावरून चाललोय हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. सरांना या गोष्टीचा अगदी मनापासून राग होता.

पाठ तयार झाला तो बारा मिनिटांचा. त्यात पहिली चार मिनिटं इतिहास आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक, पुढची पाच मिनिटं मानवी जीवनात पाण्याचं स्थान, आणि मग मोरी. तो सतरा वेळा ध्वनिमुद्रित करावा लागला, कारण कधी कुकरची शिट्टी आत शिरे, कधी दारावरची बेल, आणि एकदा तर अगदी समारोपाच्या वाक्याला बायको शिंकली. पूर्ण झाल्यावर तिला ऐकवला. सातव्या मिनिटाला तिने विचारलं, मोरी कधी येते. सर म्हणाले, धीर धर. शाळेच्या पानावर तो पाठ टाकल्यावर आठवडाभरात सात जणांनी ऐकला. त्यांतले चौघे म्हणजे सर स्वतःच, चार वेळा. उरलेले तीन कोण, याचा त्यांनी घरात आणि शाळेत तपास केला, पण कोणी कबूल झालं नाही.

अशा वेळी वरच्या मजल्यावरचे विमावाले मदतीला धावून आले. हे गृहस्थ विम्याचे एजंट, त्यामुळे न विचारता सल्ला देणं हा त्यांचा व्यवसायच. ते म्हणाले, शाळेच्या पानावर कोण कडमडायला जातंय? फोनमधल्या नकाशावर टाका. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, आणि तुमचं भाषणही त्यालाच जोडता येईल. सरांना हे एकदम पटलं. त्यांनी फोन विमावाल्यांच्या हातात दिला आणि स्वतः आरामखुर्चीत टेकून उत्तरं द्यायला सज्ज झाले.

"कसली जागा टाकू?" विमावाल्यांनी विचारलं.

"मोरी. ऐतिहासिक मोरी."

विमावाल्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. "आणि ही सगळ्या लोकांसाठी?"

"मग काय माझ्या एकट्यासाठी? लोकांनी यावं, आत जावं, नीट बघावं. वापरात आहे म्हणून तर टिकलीय ती."

वेळ काय लिहू, असं विमावाल्यांनी विचारलं. सर म्हणाले चोवीस तास, ती कधी बंद असते का? पाणी आहे का, असंही तो फोन विचारत होता. सर म्हणाले, बारा महिने. बायकांसाठी की पुरुषांसाठी, या प्रश्नावर मात्र सर चिडले. असला भेदभाव मी मानत नाही, म्हणाले, सगळ्यांसाठी लिहा, आणि विनामूल्य लिहा, आणि माझा नंबर द्या.

आता वाचकाला वाटेल, दोघेही शहाणे, शिकलेले, मग घोळ झाला कुठे? तर घोळ आपल्या भाषेत आहे. मराठीत मोऱ्या दोन. एक रस्त्याखालची, ती रस्ते बांधणाऱ्यांना आणि इतिहासाच्या मास्तरांना ठाऊक. दुसरी घरातली, जिथे माणूस आंघोळ करतो, भांडी विसळतो आणि अडल्यावेळी पटकन जाऊनही येतो. ही सगळ्या जगाला ठाऊक, आणि विमावाले जगातले होते. 'ऐतिहासिक' या शब्दाशी ते क्षणभर अडखळले, पण सरांच्या घरातल्या मोरीच्या फरशा त्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे तेही पटलं. त्यांनी खूण सरांच्या घरावर टोचली, प्रकार 'सार्वजनिक स्वच्छतागृह' असा निवडला आणि दोन्ही हातांनी सरांचा हात दाबला. मग प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत गेले, की माणूस वरून चिक्कू दिसतो, पण मन बघा केवढं मोठं आहे.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हेल्मेट काखेत धरलेला एक अनोळखी माणूस उभा होता. नकाशावर बघून आलो, म्हणाला, मोरी इथेच ना? सरांचा आनंद पोटात मावेना. पाठाला आलेला पहिला बाहेरचा श्रोता, आणि तोही स्वतःच्या पायांनी. त्यांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. तो बसेना.

"बसा हो. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो."

"पार्श्वभूमी नंतर चालणार नाही का?" तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला. "मला जरा घाई आहे."

"घाई केली की हाताला काही लागत नाही. आता असं बघा, माणूस आणि पाणी यांचं नातं फार जुनं आहे."

पाणी हा शब्द ऐकताच त्या माणसाने डोळे मिटून घेतले. सरांना वाटलं, एकाग्र झाला. तिसऱ्या मिनिटाला बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला असा चेहरा लांबून कळतो. तिने एका शब्दाने न विचारता आतलं दार उघडलं आणि बोट दाखवलं. माणूस दिसेनासा झाला. बाहेर आला तो नवा जन्म घेऊनच. तुमचे उपकार विसरणार नाही म्हणाला आणि गेला. सर बायकोवर रागावले, की चांगला पाण्याच्या उगमापर्यंत आलो होतो, मध्येच कुठे पाठवलंस त्याला.

दुपारपर्यंत आणखी चार आले, त्यांत एका आजोबांबरोबर सगळं कुटुंब होतं. संध्याकाळी विमावाल्यांनी अभिमानाने फोन दाखवला तेव्हा सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांनी तारे दिले होते आणि अभिप्राय लिहिले होते. 'पाच तारे. स्वच्छ जागा, बादली-मग आहे. मालक सज्जन, पण इतिहास सांगतात.' खाली दुसऱ्याचा होता. 'चार तारे. एक तारा कापला, कारण आत लवकर जाऊ देत नाहीत.' सर कपाळाला हात लावून बसले. सव्वीस वर्षं अध्यापन केलं, त्याला कोणी कधी एक तारा दिला नव्हता, आणि आता मोरीला साडेचार.

त्यांनी ती खूण काढून टाकायला सांगितलं. विमावाल्यांना वाईट वाटलं, एवढ्यात कंटाळलात म्हणाले, पण त्यांनी तशी सूचना पाठवली. नकाशावाल्यांचं उत्तर आलं, की तुमची सूचना अभ्यासासाठी घेतली आहे. हा अभ्यास किती दिवस चालतो ते उत्तरात नव्हतं. मध्ये नकाशाने येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच विचारलं, की ही जागा बंद झाली आहे का. नुकतेच मोकळे झालेले लोक ते, त्यांनी कृतज्ञतेने कळवलं, की छे, उत्तम चालू आहे.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे मग नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक आले. त्यांनी परवाना मागितला. सरांनी पहिल्यापासून सगळं सविस्तर सांगितलं. निरीक्षकांनी ते शांतपणे ऐकलं आणि पुन्हा परवाना मागितला. परवाना नाही, कारण हे स्वच्छतागृहच नाही, असं सर म्हणाले. तर मग ते बंद करा, असं निरीक्षक म्हणाले. आत्ता करतो, सर म्हणाले. तसं तोंडी बंद करता येत नाही, त्याला बंदचा अर्ज लागतो आणि अर्जाला मूळ परवाना जोडावा लागतो. म्हणजे बंद करण्यासाठी आधी रीतसर सुरू करायचं. सरांनी विचारलं, की हा नियम कोणाच्या काळातला. पण निरीक्षकांना इतिहासात गोडी नव्हती. जाताना त्यांनी जरा चाचरत विचारलं, की इथवर आलोच आहे तर मोरीत जाऊन आलो तर चालेल ना?

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना तर ऊत आला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पायपुसणं जाड घ्या. कोणी म्हणालं, दारावर बाण काढा, लोक आमच्या घरी येतात. शाळेत पालकसभेत एका बाईंनी सरांना ओळखलं आणि चारचौघांत मनापासून आभार मानले. मुलाच्या अभ्यासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. सर त्या दिवशी घरी आले ते मागच्या गल्लीने. तास जाणार हे आता त्यांना दिसत होतं. पाठ ऐकणाऱ्यांचा आकडा नऊवर अडकला होता.

पण सर हार मानणाऱ्यांतले नव्हते. लोक येताहेत ना? मग इतिहास ऐकल्याशिवाय त्यांना आत सोडायचं नाही, असा त्यांनी नियम केला. या नियमाचा पहिला बळी कुरिअरची गाडी चालवणारा एक माणूस. बायको ड्यूटीवरून आली तेव्हा तो सहाव्या मिनिटाला भिंत धरून उभा होता. तिने त्याला आत पाठवलं आणि पर्स न ठेवताच सरांसमोर उभी राहिली.

"अहो, माणूस कळवळतोय आणि तुम्ही त्याला पाण्याचं महत्त्व सांगताय?"

"मग सांगू कधी? नंतर कोणी थांबत नाही."

"हात धुवायला तर थांबतात? नीट हात धुवायला चाळीस सेकंद लागतात. आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना रोज शिकवतो. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगा. नसेल जमत, तर तुम्हाला सांगायचंय काय ते तुम्हालाच माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य सरांना लागलं. बारा मिनिटांचे चाळीस सेकंद करायचे, म्हणजे त्यांच्या लेखी पोटचं लेकरू कापायचं. पण बसले. आधी इतिहास आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक गेला. मग मानवी जीवनातलं पाणी गेलं. 'तद्वतच' आणि 'किंबहुना' गेले तेव्हा त्यांना भरून आलं. बायको घड्याळ घेऊन समोर बसली होती आणि अजून कापा एवढंच म्हणत होती. शेवटी जे उरलं ते असं:

'इथून पन्नास पावलांवर रस्त्याखाली एक दगडी मोरी आहे. ज्या पाथरवटांनी ती बांधली त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या दगडावर आपली खूण कोरली. कोणी मासा, कोणी किल्ली, एकाने फणी. अशा अकरा खुणा आहेत. फणीवाल्याचं नाव आता कोणालाही माहीत नाही, पण त्याचा दगड अजून तुमचं वजन पेलतोय. जाताना जरा वाकून बघा.'

अडतीस सेकंद. बायकोने घड्याळ खाली ठेवलं. डोळे पुसून ती म्हणाली, की हे तुम्ही लग्नानंतर मला कधी सांगितलं नाहीत. सरांनी ते तिला निदान पन्नास वेळा सांगितलं होतं, पण त्यांनी तो मुद्दा काढला नाही.

बेसिनच्या वर एक लहानसा स्पीकर लावला आणि खाली पाटी, 'हात धुताना बटण दाबा'. त्या दिवसापासून माणसं बाहेर यायची ती ओले हात तसेच धरून, आणि विचारायची, फणी कुठल्या बाजूला? सरांचे कान लाल व्हायचे. खिडकीतून बघावं तर रस्त्याच्या कडेला कोणी ना कोणी ओणवं झालेलं दिसायचं. विमावाले म्हणाले, एवढे लोक वाकताहेत, एखादा ओढ्यात पडायचा, कठड्याचं बघा आणि विम्याचंही बघा. स्वच्छता निरीक्षक दुसऱ्यांदा आले, हात धुतले, आणि परवान्याचं न विचारताच फणी शोधायला गेले.

सत्र संपलं. अधिकारी मॅडम मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन पाठाचं ठिकाण बघायला सरांच्या घरी आल्या. नकाशावर भेटींचा आकडा दोन हजार तीनशेच्या वर गेला होता. बाईंचा चेहरा खुलला. मग मॅडमनी अभिप्राय उघडले आणि कार्यालयातला कागद वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. बादली, मग, फिनेलचा वास, कडी जरा घट्ट लागते. बाई छताकडे बघू लागल्या. आकडा होता, कोणी फारसं खोदून विचारणार नव्हतं. सर गप्प बसले असते तर निभावलं असतं.

"मॅडम," सर म्हणाले, "यातला एकही माणूस इतिहासासाठी आलेला नाही. अडले म्हणून आले. जाताना किती जणांनी ऐकलं आणि किती जणांच्या लक्षात राहिलं, ते मला खरंच माहीत नाही."

आयुष्यातलं सगळ्यात थोडक्यातलं भाषण, आणि त्याने तास गेला, हे सरांना बोलता बोलताच कळलं. मॅडमनी फाइल मिटली. निदान ती मोरी तरी बघू या, म्हणाल्या.

मोरीशी कुरिअरची गाडी उभी होती. तोच तो भिंत धरून उभा राहिलेला ड्रायव्हर कमानीखालून फडकं हातात घेऊन बाहेर आला, सरांना बघून हसला.

"सर, तुमचा आकडा चुकलाय," तो म्हणाला. "खुणा अकरा नाहीत, बारा आहेत."

"अकराच आहेत," सर म्हणाले. "छापील आहे."

"छापलं असेल हो. मी मोजल्यात."

बाई खाकरल्या. सर तावातावाने खाली उतरले, कार्यालयातून माणसं येणार म्हणून घातलेली पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. ड्रायव्हरने टॉर्च धरला. अगदी तळाला, पाण्याच्या रेषेवर, शेवाळ पुसलेल्या एका दगडावर बोटभर उंचीची शिडी कोरलेली होती. सर तिच्यावरून हात फिरवत बराच वेळ ओणवेच राहिले. मग बाहेर आले.

"बारा आहेत," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं मी अकरा शिकवल्या. कधी खाली उतरून मोजल्या नाहीत."

मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, की हा उद्योग तुला कोणी सांगितला. कोणीच नाही, तो म्हणाला, दुसऱ्यांदा आलो तेव्हा हात धुताना त्या फणीवाल्याचं ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत येऊन फणी शोधली. ती सापडल्यावर बाकीच्या सोडवेनात. रोज एक-दोन दगड पुसतोय. चपला हातात घेऊन मॅडम खाली उतरल्या आणि शिडी बघून आल्या. मग गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवून त्यांनी अहवालाचा रकाना भरला. बाईंनी हळूच वाकून वाचलं. 'पाठ पोचलेल्यांची खात्रीशीर संख्या: एक. तास चालू ठेवावा.'

नव्या सत्राच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर अकरा लिहिलं, ते खोडलं आणि शेजारी बारा लिहिलं. मी चुकीचं शिकवत होतो, म्हणाले. वर्ग गपकन जागा झाला. सर चुकले हे ऐकायला मुलं कितीही वेळ जागी राहतात. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सर, म्हणाली, मग तेरावी नसेल कशावरून?

याला सरांकडे सविस्तर उत्तर होतं. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "चला."